चुकीच्या नावाचा भुर्दंड

ज्या पेढीवर एकाच नावाचे दोन खातेदार असतात, तेथील मुनीमजी नेहमीच दक्ष असतात. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, इतकेच काय, गावही जुळले, तरी समोरचा माणूस तोच आहे याची खात्री ते सहीवरून करून घेतात. एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जमा झाली, तर ती चूक ध्यानात येईपर्यंत कधी कधी वर्षे उलटतात आणि व्याजाचा भुर्दंड निराळाच बसतो. वनस्पती आणि कीटक यांची ओळख पटवून त्यांची वर्गवारी करणाऱ्या शास्त्रज्ञांचे काम पुष्कळसे याच प्रकारचे आहे. जाड कागदावर चिकटविलेली वाळकी पाने, भिंगाखाली मोजलेले केस आणि उच्चारताना जीभ अडखळावी अशी लॅटिन नावे पाहिली की या उद्योगाचा रोजच्या व्यवहाराशी काय संबंध, असे सामान्य माणसास वाटते. हा संबंध किती निकटचा आहे, हे साल्व्हिनिया नावाच्या एका तरंगत्या पाणवनस्पतीच्या इतिहासावरून कळते. तिची नोंद तीस वर्षांहून अधिक काळ दुसऱ्याच वनस्पतीच्या खात्यावर राहिली. पुढे तिच्या निवारणासाठी ज्या किड्याची योजना झाली, त्याचेही नाव चुकलेले निघाले.

महाराष्ट्रातील वाचकांच्या डोळ्यांसमोर पाण्यातील तण म्हटले की जलपर्णी उभी राहते. साल्व्हिनिया ही ती नव्हे. हा एक नेचा आहे. त्याला फूल येत नाही, फळ धरत नाही आणि खरे मूळही नसते. आडव्या, नाजूक खोडावर ठरावीक अंतराने तीन-तीन पाने येतात. त्यांपैकी दोन पाण्यावर तरंगतात आणि तिसरे चिरफाळलेले पान पाण्यात लोंबत राहून मुळाचे काम करते. वरच्या पानांवर उभ्या केसांच्या रांगा असतात. प्रत्येक केसाच्या टोकाला चार शाखा फुटून त्या शेंड्याशी पुन्हा एकत्र जुळतात, त्यामुळे ताक घुसळण्याची रवी उलटी धरावी तसा तो केस दिसतो. या रव्यांमध्ये हवा अडकते आणि पान कितीही दाबले तरी कोरडेच वर येते. उष्णता आणि पोषण भरपूर असेल तर ही वनस्पती सव्वादोन दिवसांत दुप्पट होते. चक्रवाढ व्याजाचा हिशेब जाणणाऱ्यांस अधिक सांगणे नलगे. आठवड्याला दुप्पट इतका मंद वेग धरला तरी दहा आठवड्यांत एकाचे एक हजार चोवीस होतात. दाटी झाली की पाने दुमडून उभी राहतात, थरावर थर चढतात आणि जवळजवळ एक मीटर जाडीची गादी तयार होते. तिच्याखाली प्रकाश पोहोचत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि वरून होडी जाऊ शकत नाही.

ही वनस्पती 1939 मध्ये कोलंबो येथील वनस्पतिशास्त्र विभागात अभ्यासासाठी आणली गेली आणि तेथून ती बाहेर पडून लंकेच्या भातशेतीत पसरली. केरळात ती 1950 च्या दशकात दिसू लागली आणि 1964 च्या सुमारास तिने उपद्रवाचे रूप धारण केले. मल्याळी लोक तिला ‘आफ्रिकन पायल’ म्हणतात. हे नावही तसे फसवेच आहे, कारण आफ्रिका हे तिचे माहेर नव्हे. परंतु तेथे तिने जो हाहाकार उडविला होता, त्याची वार्ता या नावातून केरळापर्यंत पोहोचलेली दिसते. झांबेझी नदीवरील करिबा धरणाचे दरवाजे डिसेंबर 1958 मध्ये बंद झाले आणि पुढील वर्षीच तिच्या तरंगत्या चटया जलाशयावर आढळल्या. 1962 मध्ये त्यांनी सुमारे 1000 चौरस किलोमीटर पृष्ठभाग व्यापला होता. जगातील सर्वांत मोठ्या मानवनिर्मित जलाशयांपैकी एकाचा हा पाचवा हिस्सा होय. पुढे पाण्यातील पोषणद्रव्ये कमी होत गेली तसे तेथील क्षेत्र बरेचसे आपोआप आटले, तथापि इतरत्र तिचा विस्तार चालूच राहिला.

या सर्व ठिकाणी तिला ‘साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा’ असे नाव दिले जात होते. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ओब्ले यांनी 1775 मध्ये दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियाना येथील वनस्पतींचे वर्णन करताना ते योजिले होते. वनस्पतीचे शास्त्रीय नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द कुटुंबाच्या आडनावासारखा असून तो प्रजाती सांगतो, दुसरा त्या कुटुंबातील व्यक्तीसारखा असून तो जाती सांगतो. आज वर्तमानपत्रांतून ‘प्रजाती’ हा शब्द सरसकट जातीच्या अर्थाने वापरला जातो. येथे मराठी विश्वकोशाची परिभाषा पाळली आहे. वनस्पतींच्या नावांचा आरंभ लिनियसच्या 1753 च्या ‘स्पीसीज प्लँटारम’ या ग्रंथापासून आणि प्राण्यांच्या नावांचा त्याच्याच ‘सिस्टिमा नेचुरी’च्या 1758 च्या दहाव्या आवृत्तीपासून धरतात. त्यानंतर जो प्रथम रीतसर वर्णन प्रसिद्ध करील त्याचे नाव ग्राह्य ठरते. तारण मालमत्तेवर ज्याचा बोजा आधी नोंदविला गेला त्याचा हक्क पहिला, तसाच हा नियम आहे. याहूनही महत्त्वाचा नियम मूळ नमुन्याचा. नव्या जातीचे वर्णन करणाऱ्याने एक नमुना निश्चित करून तो संग्रहालयात ठेवावा लागतो आणि ते नाव कायमचे त्या नमुन्याशी बांधले जाते. पुढे शंका आली की कागदावरील शब्दांपेक्षा त्या नमुन्याची साक्ष अधिक मानतात. बँकेत खातेदाराची नमुना सही जपून ठेवलेली असते, ती याच हेतूने. सही जुळली नाही तर नाव कितीही बरोबर असले तरी धनादेश परत जातो.

मग एवढी व्यवस्था असताना चूक कशी झाली? याची कारणे वनस्पतीतच होती. रवीसारखे केस ही मोठी खूण होय, परंतु ती एकट्या ऑरिक्युलाटाची नाही. तिच्या निकटच्या तीन भावंडांतही तसेच केस आढळतात. शिवाय ही वनस्पती जागेप्रमाणे वेश बदलते. मोकळ्या पाण्यात तिची पाने लहान आणि सपाट असतात, थोडी दाटी झाली की ती मोठी व किंचित दुमडलेली होतात आणि पूर्ण दाटीत पन्हाळीसारखी मिटून उभी राहतात. तीन अवस्थांतील रोपे शेजारी ठेवली तर ती एकाच जातीची आहेत, यावर नवख्याचा विश्वास बसणार नाही. वाळवून कागदावर दाबलेल्या नमुन्यात तर हा आकारही उरत नाही. नेच्यांच्या जाती ठरविण्याचा खात्रीचा आधार म्हणजे बीजाणू धारण करणारे अवयव. ते या वनस्पतीत पुरेशा वाढीनंतरच येतात आणि आले तरी आतून बहुतांशी पोकळ असतात. तिच्या पेशींत 45 गुणसूत्रे आहेत, म्हणजे नवाचे पाच संच. विषम संचांच्या जोड्या लागत नाहीत, म्हणून बीजाणू सकस होत नाहीत. तिची सारी वाढ खोडाचे तुकडे पडून होते. जगभर पसरलेले हे तण म्हणजे बहुधा एकाच मूळ रोपाच्या तुकड्यांचा पसारा असावा, असे मानले जाते.

दरम्यान उपाययोजना सुरू झाली होती. हाताने तण काढणे म्हणजे समुद्र उपसण्यासारखे. विषारी औषधे फवारावीत तर तेच पाणी माणसांना आणि गुरांना प्यायचे. म्हणून या वनस्पतीवरच जगणारा कीटक तिच्या मूळ देशातून आणून सोडावा, असा विचार पुढे आला. मूळ देश कोणता, तर नाव सांगेल तो. ऑरिक्युलाटा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातील आणि त्रिनिदादमधील रहिवासी. त्यामुळे 1960 च्या दशकाच्या आरंभी कॉमनवेल्थ इन्स्टिट्यूट ऑफ बायॉलॉजिकल कंट्रोल या संस्थेच्या संशोधकांनी त्याच प्रदेशात शोध घेतला. त्यांना तीन कीटक उपयुक्त वाटले: पॉलिनिया नावाचा नाकतोडा, सॅमिया नावाचा पतंग आणि ‘सर्टोबॅगस सिंग्युलॅरिस’ नावाचा इवलासा सोंडकिडा. तांदळात पडणारे सोंडे धान्याच्या व्यापाऱ्यांना परिचित आहेतच. हा त्यांचा दूरचा नातलग, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचा आणि काळा. हे कीटक आफ्रिकेत सोडण्यात आले. पॉलिनिया लंकेत आणि केरळातही आला. काही ठिकाणी कीटक तगले, काही ठिकाणी नाहीसे झाले. तण मात्र कोठेच निर्णायकपणे हटले नाही. शोध प्रामाणिकपणे झाला होता, कीटकही ऑरिक्युलाटावर जगणारेच होते. फक्त ज्या तणावर त्यांना सोडले ते ऑरिक्युलाटा नव्हते.

ही गोष्ट प्रथम ठामपणे मांडली ती ऱ्होडेशियात करिबाच्या तणाचा अभ्यास करणारे डी. एस. मिचेल यांनी. बीजाणुफळांची मांडणी, त्यांच्या लांब माळा, आतील पोकळपणा या गोष्टी ऑरिक्युलाटाच्या नमुन्यांशी जुळत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले आणि 1972 मध्ये या वनस्पतीचे स्वतंत्र जाती म्हणून वर्णन प्रसिद्ध केले. वनस्पतीच्या नव्या जातीचे वर्णन लॅटिनमध्ये असलेच पाहिजे, असा दंडक त्या वेळी होता. तो 2011 च्या अखेरपर्यंत टिकला. मिचेल यांनी नाव ठेवले ‘साल्व्हिनिया मोलेस्टा’. लॅटिनमध्ये मोलेस्टा म्हणजे त्रास देणारी. शास्त्रीय नावांत इतका समर्पक शब्द क्वचितच सापडतो. मात्र तिचे मूळ गाव कोणते, हे नाव मिळाले त्या दिवशीही अज्ञातच होते. मानवाने लावलेल्या बागांतून निपजलेला हा संकर असावा, अशीही शंका घेतली जात होती. जुन्या नावाने आधीच सुरू झालेले व्यवहारही लगेच थांबले नाहीत. केरळात पॉलिनिया सोडला गेला तो त्यानंतर, 1974 मध्ये.

मूळ गाव सापडण्यास आणखी सहा वर्षे लागली. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतील वेंडी फोर्नो आणि केन हार्ले यांनी संग्रहालयांतील जुने नमुने नव्या वर्णनाशी ताडून पाहिले आणि त्यांच्या आधारे दक्षिण अमेरिका धुंडाळली. 1978 मध्ये आग्नेय ब्राझीलमध्ये मोलेस्टा तिच्या नैसर्गिक अधिवासात आढळली. ऑरिक्युलाटाच्या प्रदेशापासून हे ठिकाण हजारो किलोमीटर दक्षिणेला आहे. तेथे ती उपद्रवी नव्हती. इतर पाणवनस्पतींच्या संगतीने बेताने राहत होती. तिच्यावर जगणारे कीटक मात्र पूर्वीचेच तीन दिसले: तोच नाकतोडा, तोच पतंग, तोच सोंडकिडा. पूर्वी अपयशी ठरलेला सोंडकिडा पुन्हा आणावा की नाही, हा प्रश्न साहजिकच उभा राहिला. तो आणण्याचे ठरले, हे संशोधकांच्या चिकाटीचे फळ म्हटले पाहिजे. इतर वनस्पतींना तो अपाय करीत नाही, याच्या चाचण्या विलगीकरण कक्षात झाल्यानंतर 1980 साली क्वीन्सलँडमधील माउंट आयसा या खाणीच्या गावाजवळील मूनडारा तलावात त्याला सोडण्यात आले.

सुमारे 200 हेक्टरांवर पसरलेले तण वर्षभराच्या आसपास करपून तपकिरी झाले आणि बुडून गेले. 1981 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात या यशाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला, आणि त्यात किड्याचे नाव छापले होते सर्टोबॅगस सिंग्युलॅरिस! आफ्रिकेत ज्याला काहीच साधले नाही, त्याच नावाच्या किड्याने ऑस्ट्रेलियात एका वर्षात तलाव मोकळा केला होता. ब्राझीलमधील हा त्या जातीचा एखादा स्थानिक वाण असावा, असा त्या वेळचा समज होता. परंतु दोन प्रदेशांतील किडे शेजारी ठेवून त्यांच्या अवयवांची बारकाईने तुलना केल्यावर कॅल्डर आणि सँड्स या शास्त्रज्ञांस दोहोंत निश्चित भेद आढळले. 1985 मध्ये त्यांनी ब्राझीलच्या किड्याचे नवी जाती म्हणून वर्णन केले आणि त्याला ‘सर्टोबॅगस साल्व्हिनी’ हे नाव दिले. नुसत्या डोळ्यांनी हा फरक ओळखणे जवळजवळ अशक्य. परंतु दोघांच्या आहाराच्या सवयी पाहिल्या की अपयशाचे आणि यशाचे कारण एकदम उमगते. सिंग्युलॅरिस पाने खरवडतो. साल्व्हिनीचा प्रौढ किडा कोंब खातो आणि त्याची अळी खोडात शिरून ते आतून पोखरते. ज्या वनस्पतीची सारी वाढ कोंबांवर आणि खोडाच्या तुकड्यांवर अवलंबून आहे, तिची पाने खाऊन काय होणार? धंद्याचे भांडवल शाबूत ठेवून फक्त चालू नफा काढून घेतल्यासारखे ते होते. त्याच वर्षी या कामगिरीबद्दल सीएसआयआरओच्या चमूस युनेस्कोचे विज्ञान पारितोषिक मिळाले.

या कथेचा सर्वांत हृदयस्पर्शी भाग पापुआ न्यू गिनीत घडला. तेथील सेपिक नदीच्या खोऱ्यात रस्ते नाहीत. बाजार, शाळा, दवाखाना, नातेवाईक यांच्याकडे जाण्याचा एकच मार्ग म्हणजे पोखरलेल्या लाकडाची होडी. 1970 च्या दशकाच्या आरंभी तेथे पोहोचलेल्या मूठभर रोपांनी काही वर्षांतच सरोवरे आणि नदीच्या जुन्या पात्रांचे सुमारे 250 चौरस किलोमीटर क्षेत्र झाकून टाकले. साबुदाण्याच्या ताडांपर्यंत जाणे बंद झाले. विक्रीचा माल घेऊन निघालेल्या होड्या गादीत रुतू लागल्या. आजारी माणसाला दवाखान्यात नेणे दुरापास्त झाले. काही गावे लोकांनी सोडून दिली. तेथे योग्य सोंडकिडा नेऊन सोडला, तरी आरंभी त्याची संख्या वाढेना. शोध घेता असे आढळले की त्या पाण्यातील तणात नत्राचे प्रमाण इतके कमी होते की त्यावर किड्याचे पोषणच होत नव्हते. तेव्हा शास्त्रज्ञांनी तणावर युरिया शिंपडला. ज्याचा नायनाट करायचा त्यालाच खत घालायचे, हे पाहून गावकऱ्यांना काय वाटले असेल याची कल्पनाच करावी! परंतु कोंब सकस झाले, किडे वाढले आणि एकदा अळ्यांनी खोड पोखरायला सुरुवात केल्यावर नव्या कोंबांतील नत्र पुढच्या पिढ्यांना पुरू लागले. किडे असलेले तण पोत्यांत भरून होडीने आणि विमानाने दूरच्या सरोवरांत पोहोचविले गेले. 1985 पर्यंत सेपिकचे पाणी बहुतांशी मोकळे झाले. तण संपत आले तसे किडेही घटले; दोघेही आज तेथे थोड्या संख्येने टिकून आहेत. 1986 साली ‘नेचर’मध्ये या साऱ्या प्रयत्नांचा जो आढावा आला, त्याच्या शीर्षकात लेखकांनी ‘निवारण’ या शब्दाआधी ‘वर्गीकरण’ हा शब्द ठेवला होता. तो क्रम सार्थ होता.

भारतात हा किडा ऑस्ट्रेलियातून बंगळूरला आला. तेथील एका कमळतळ्यात केलेल्या प्रयोगात सुमारे अकरा महिन्यांत तण कोसळले आणि झाकली गेलेली कमळे पुन्हा वर आली. त्यानंतर केरळ कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तो कालव्यांत व भातखाचरांत सोडला. समुद्रसपाटीखाली भात पिकविणाऱ्या कुट्टनाडमध्ये प्रत्येक हंगामापूर्वी खाचरांतील पायल मजूर लावून उपसावी लागे. त्यास हेक्टरी 235 रुपये खर्च येई. तीन-एक वर्षांत बंद पडलेले अनेक कालवे नौकांना खुले झाले आणि भातशेतीत केवळ मजुरीची वार्षिक बचत 68 लाख रुपये असल्याचा हिशेब मांडला गेला. 1980 च्या दशकातील रुपयाचे मोल ध्यानी घेता ही रक्कम लहान नव्हे. लंकेत हा किडा 1986 मध्ये नेण्यात आला. तेथील खर्च आणि लाभ यांचा ताळेबंद डोलमन या अर्थतज्ज्ञाने 1989 साली प्रसिद्ध केला. त्यानुसार गुंतविलेल्या प्रत्येक रुपयामागे 53 रुपयांचा लाभ झाला. कोणत्याही कर्जप्रस्तावात असा परतावा लिहिला असता तर शाखाधिकाऱ्याने तो संशयानेच पाहिला असता.

अशा ताळेबंदात एक रक्कम कधी दिसत नाही. मिचेल यांनी भिंगाखाली बीजाणुफळे मोजण्यात घालविलेले दिवस, संग्रहालयात ओब्लेच्या काळापासून जपलेले कागद, कॅल्डर आणि सँड्स यांनी दोन किड्यांचे अवयव रेखाटण्यात घेतलेले कष्ट, हे कोणत्या खर्चाच्या शीर्षाखाली मांडावयाचे? आपल्याकडे भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही संस्था 1890 पासून आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण ही 1916 पासून देशाच्या सजीवसंपदेच्या वह्या लिहीत आली आहे. वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे केंद्र तर पुण्यातच आहे. तेथील कपाटांतील वाळक्या पानांचे मोल काय, असा प्रश्न अर्थसंकल्पाच्या वेळी सहज विचारला जातो. करिबा आणि कुट्टनाड यांचा हिशेब त्या वेळी कोणी समोर ठेवत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

नाव लावले की काम संपले, असेही नाही. अमेरिकेत 1998 मध्ये टेक्सास आणि लुइझियाना यांच्या सीमेवरील टोलेडो बेंड जलाशयात मोलेस्टा सापडली. त्या देशात सोंडकिडा आणण्याची गरजच नव्हती असे वाटले, कारण फ्लोरिडात लहान साल्व्हिनियाच्या एका वेगळ्या जातीवर तो 1960 पासून नोंदविलेला होता. आधी त्याला सिंग्युलॅरिस मानीत, नंतर साल्व्हिनी मानू लागले. 1999 मध्ये फ्लोरिडातील किडे टेक्सासकडे नेऊन सोडण्यासही सुरुवात झाली. तेवढ्यात डीएनएची तपासणी झाली आणि फ्लोरिडाचे व ब्राझीलचे किडे तंतोतंत एक नाहीत, असे दिसले; फ्लोरिडाचे किडे आकारानेही लहान भरले. काम थांबविण्यात आले आणि 2001 मध्ये ब्राझीलच्या वंशाचे किडे ऑस्ट्रेलियातून मागवून सोडण्यात आले. आता फ्लोरिडाच्या किड्यांना काय म्हणावे? वेगळी जाती, उपजाती, की नुसता स्थानिक वाण? वनस्पतिशास्त्रात जातीखाली उपजाती, प्रकार, रूप अशा पायऱ्या आहेत. प्राण्यांच्या नियमांत मात्र जातीखाली उपजाती ही एकच पायरी मानतात आणि तीसाठीही रीतसर वर्णन व मूळ नमुना लागतो. नंतरच्या अभ्यासकांनी अधिक नमुने तपासून असे मत दिले की हे दोन परिस्थितीनुरूप घडलेले वाण असून जाती एकच आहे. तेव्हापासून ते एकाच नावाखाली, परंतु ‘फ्लोरिडाचे’ आणि ‘ब्राझीलचे’ असे वेगळे ओळखले जातात. एका खात्याखाली दोन उपखाती उघडावीत, तशी ही तडजोड आहे.

भारतातही हे प्रकरण जुने झालेले नाही. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील सारणी येथे वीजकेंद्रासाठी बांधलेला सातपुडा जलाशय आहे. विदर्भाच्या सीमेपासून तो फार दूर नाही. अलीकडच्या वर्षांत तेथे मोलेस्टाचा विळखा पडला आणि जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने हाच सोंडकिडा वाढवून त्या भागात सोडण्याचे काम हाती घेतले. कुट्टनाडमध्ये मात्र पायलने रिकामी केलेली जागा बरीचशी जलपर्णीने व्यापली आहे. तिच्यासाठीही 1980 च्या दशकात दोन सोंडकिडे आणले गेले. त्यांची कहाणी ओळखीची वाटावी अशीच आहे: एकाचे वर्णन हुस्ताश या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने 1926 मध्ये केले होते, आणि ज्याला इतकी वर्षे तोच समजत होते तो दुसरा किडा निराळ्या जातीचा असल्याचे 1970 मध्ये उघड झाले. साल्व्हिनियाच्या सोंडकिड्याची सर्टोबॅगस ही प्रजातीही हुस्ताश यांनीच 1929 मध्ये प्रस्थापित केली होती. खुद्द जलपर्णीला 1823 मध्ये मार्शियस यांनी ‘पाँटेडेरिया’ या प्रजातीत घातले, 1883 मध्ये ती ‘आयकॉर्निया’त गेली आणि 2018 मध्ये तिच्या कुळाची फेरतपासणी होऊन ती पुन्हा पाँटेडेरियात आली. पंचगंगेच्या आणि मुळा-मुठेच्या पात्रातून तिचे भारे उपसणाऱ्या नगरपालिकांच्या निविदांत अद्याप ती ‘जलपर्णी’च आहे.